कथरोटियांच्या फोनवरच्या चंचलबेन

पर्वत पाटियाच्या चौकातून आत वळलं की तिसऱ्या गल्लीत कथरोटिया लूम स्पेअर्सचं ऑफिस लागतं. मागाला लागणारे सुटे भाग, म्हणजे पिकर, बॉबिन, गिअर, पट्टे, असं सगळं तिथून मालेगाव, भिवंडी, पार इचलकरंजीपर्यंत जातं. त्या गावांतल्या बहुतेक कारखानदारांनी हे ऑफिस पाहिलेलं नाही. मालक जेरामभाई गोरे की काळे, हेही त्यांना ठाऊक नाही. चंचलबेनचा आवाज मात्र ते झोपेतून उठवलं तरी ओळखतील.

चंचल देवरे मूळची अमळनेर तालुक्यातली. दहावी झाली, लग्न झालं आणि नवऱ्याबरोबर ती सुरतेला आली. गजेंद्र बमरोलीत लूमवर होता. डिंडोलीत एका खोलीचं बिऱ्हाड, आणि चंचल घरबसल्या साड्यांना टिकल्या चिकटवायची. आठ वर्षं तिनं तेच केलं. डोळे चुरचुरायचे, पण हात चालू असताना तोंड मोकळं असायचं. शेजारणींशी बोलता बोलता ती गुजराती शिकली, किराणावाल्याशी घासाघीस करता करता हिंदी शिकली. घरी अहिराणी होतीच.

२००६ सालची गोष्ट. गजेंद्रच्या खात्यात एक गिअर तुटला. 'खातं' म्हणजे मागांची शेड. सुरतेत तसंच म्हणतात. नमुना दाखवून तसाच गिअर आणायचा होता आणि गजेंद्रची पाळी चालू होती, म्हणून चंचल तो तुटका गिअर पिशवीत घालून निघाली. तेव्हा जेरामभाईंचा एकच गाळा होता. ते शिडीवर चढलेले, दोन्ही हातांत खोकी, आणि खाली टेबलावरचा फोन वाजतोय. एकदा वाजून थांबला, पुन्हा वाजायला लागला.

"बेन, जरा फोन उपाडो ने!" जेरामभाई वरून ओरडले.

चंचलनं इकडेतिकडे पाहिलं. दुसरी कुणी बेन दिसेना. तिनं पदराला हात पुसले आणि फोन उचलला. पलीकडून मागांचा खडखडाट आणि त्यात मालेगावचा एक माणूस जीव तोडून ओरडत होता. त्याला दोनदा चुकीचा माल गेला होता. तो अहिराणी बोलत होता.

"दादा, जरा बाहेर या, मंग सांगा," चंचल म्हणाली. "मी थांबस."

आपली बोली ऐकताच तो माणूस बाहेर निघाला. मग खडखडाट दूर गेला. चंचलनं त्याला हवं ते सगळं विचारून घेतलं. दात कितला शेतस, म्हणजे किती आहेत? भोक गोल का चौकोनी? जुना कुठून झिजला? हे प्रश्न तिला कुणी शिकवले नव्हते. नवरा घरी जेवताना दुसरं काय बोलणार! कॅलेंडरच्या फाटक्या पानामागे तिनं सगळं लिहिलं आणि त्याला पुन्हा वाचून दाखवलं. फोन ठेवून वळली तर जेरामभाई खोक्यांसकट शिडीच्या पायथ्याशी उभे.

"कालथी आवशो?" त्यांनी विचारलं. उद्यापासून येता का?

"येईन," चंचल म्हणाली. "पण मुलीची शाळा पाचला सुटते. मी पावणेपाचला निघणार. ते चालणार असेल तर."

चाललं. एकोणीस वर्षं चाललं.

धंदा वाढत गेला. गाळ्याचं दुमजली ऑफिस झालं, बमरोलीत गोदाम झालं, माणसं चौतीस झाली, त्यांत गावोगाव फिरणारे नऊ मेकॅनिक. फक्त फोन वाढला नाही. २०११ साली भिंतीवर एक मळकट पांढरं खोकं बसवलं होतं: बाहेरच्या दोन लाइनी, आत आठ टेबलांवर आठ फोन. हौसेनं बसवलं होतं तेव्हा ते पुष्कळ होतं. आता दोन माणसं बोलत असली की तिसऱ्याला बाहेर नुसतं टूं टूं ऐकू यायचं. मग विक्रीतल्या पोरांनी आपापले मोबाइल नंबर गिऱ्हाइकांना देऊन टाकले. मुलगा नोकरी सोडून गेला की गिऱ्हाईकही त्याच्या खिशातून गेलं. पावसाळ्यात खोक्यात दमट हवा शिरायची आणि एकाचा फोन दुसऱ्याच्या टेबलावर वाजायचा. दुरुस्तीवाले चिंधाभाऊ दर वर्षी ते उघडून डाग देऊन जात. यंदा त्यांनी झाकण लावलं आणि हात झटकले. "ताई, याचं कार्ड आता बाजारात मिळत नाही. पुढच्या वेळी मला बोलावू नका."

त्याच आठवड्यात मालेगावचे बळीराम वाघ सुरतेला लग्नाला आले आणि मुद्दाम वाट वाकडी करून ऑफिसात आले. चोवीस मागांचे मालक, पंधरा वर्षांचं गिऱ्हाईक. चंचलला प्रत्यक्ष पाहून त्यांना आनंद झाला, पण तोंडातून तक्रारच निघाली.

"बाई, तुमचा फोन लागत का नाही? सोमवारी अकरापासून लावत होतो, एक वाजेपर्यंत. चार माग उभे. शेवटी दुसरीकडून पिकर मागवले. मला आवडलं नाही, पण करू काय?"

हे जेरामभाईंच्या सुनेनं ऐकलं. मित्तलबेन तीन वर्षांपूर्वी धंद्यात आल्या होत्या. हुशार, चटपटीत बाई. निर्णय घेतला की त्या थांबत नसत. पुढच्याच सोमवारी नव्या फोनवाल्या कंपनीचा माणूस वरच्या खोलीत पडद्यावर चित्रं दाखवत होता.

त्याचं नाव प्रवीण, नागपूरचा. इंटरनेटवरून चालणारी यंत्रणा होती. भिंतीवर खोकं नाही, लाइनींची मोजणी नाही. एका वेळी तीस माणसांनी फोन केला तरी तिसांना घंटी ऐकू येणार. फोन करणाऱ्याचं नाव पडद्यावर उमटणार, कुणाचा फोन कुणी उचलला नाही तेही दिसणार. चंचल पुढच्या खुर्चीवर बसून ऐकत होती आणि मनात म्हणत होती, हे दहा वर्षांपूर्वी का नाही आलं!

मग त्यानं नमुन्याचा नंबर लावून दाखवला. आधी सतारीसारखं काहीतरी वाजलं, मग एका मुलीचा नाजूक आवाज आला. हिंदीसाठी एक दाबा, गुजरातीसाठी दोन. मग विक्रीसाठी एक, दुरुस्तीसाठी दोन, चौकशीसाठी तीन, असं सहापर्यंत.

"म्हणजे मॅडम, ऑपरेटरची गरजच नाही पडत," प्रवीण मित्तलबेनना म्हणाला, आणि खोलीतले सगळे चंचलकडे बघायला लागले तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण काय बोललो.

चंचलला त्याची दयाच आली. "मी काही दाबलंच नाही तर?" तिनं विचारलं.

"तसं कोण करतं, काकू? आजकाल सगळ्यांनाच दाबता येतं."

"बघू तर."

त्यानं पुन्हा नंबर लावला आणि काही दाबलं नाही. मुलीनं दोनदा तेच सांगितलं, मग म्हणाली, आपण कोणताही पर्याय निवडला नाही, धन्यवाद. फोन बंद.

मीटिंग संपल्यावर मित्तलबेननी तिला थांबवलं. त्या गुजरातीत बोलत, पण हळू, जपून. "चंचलबेन, तुम्हाला भीती वाटते का? तुमची नोकरी कुठे जात नाही. स्टॉकला माणूस हवाच आहे."

"भीती कसली?" चंचल म्हणाली. "ते खोकं मला तुमच्याआधीपासून नकोय. उद्या काढा. पण नवं आणाल ते बळीरामभाऊंना लागलं पाहिजे. आज दाखवलं ते त्यांना लागणार नाही."

"का?"

"मला दोन दिवस द्या. सांगते."

त्या संध्याकाळी तिनं घरी गजेंद्रच्या कानाला मोबाइल लावला आणि नमुन्याचा नंबर फिरवला. बावीस वर्षं मागांमध्ये काढल्यानं गजेंद्रचे कान अर्धे गेले होते. लूम सोडून त्यानं डिंडोलीतच सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. गिऱ्हाइकाच्या ओठांकडे बघून तो काम भागवायचा, आणि कान दाखवायला चला म्हटलं की चिडायचा. त्यानं फोन कानाशी घट्ट धरला, भुवया उंचावल्या.

"ऐकू उनं का?" चंचलनं विचारलं.

"वाजंत्री मस्त वाजी ऱ्हायनी," गजेंद्र म्हणाला. "बाई काहीतरी बोलनी, पन काय बोलनी ते देवले माहीत."

तिनं तीनदा ऐकवलं. तीनदा तेच. मग तिनं स्वतःच्या मोबाइलवर स्वतःचा आवाज भरला, खालच्या पट्टीत, शब्द सुटे सुटे करून, मागे काही वाजू न देता, आणि तो त्याच्या कानाशी धरला. गजेंद्रनं शब्दन्‌शब्द म्हणून दाखवला. तिच्या डोक्यातलं अर्धं काम तिथेच झालं. इतकी वर्षं लोक तिला म्हणत आले होते की तुमचं बोलणं साफ कळतं. त्यामागे तिचा नवरा होता हे तिलाही तेव्हाच उमगलं. घरात रोज ज्याला ऐकू जावं म्हणून ती बोलत होती, त्यानंच तिचा आवाज घडवला होता.

दुसऱ्या दिवशी ती मित्तलबेनसमोर उभी राहिली. "गाडी काढा. बमरोलीला जाऊ."

बमरोलीत एका जुन्या गिऱ्हाइकाचं खातं होतं. चाळीस माग एका छपराखाली. दारातून आत पाऊल टाकलं की छातीत धडधड व्हायला लागते आणि ती आपली की मागांची हे कळत नाही. मित्तलबेन मालकीणबाई असल्या तरी चालू खात्यात इतक्या आत त्या कधी आल्या नव्हत्या. चंचलनं तिथल्या मेकॅनिकच्या तेलकट हातांकडे बोट दाखवलं. त्यानं फोन खांद्यानं कानाशी दाबून धरला होता. एका हातात पाना, दुसऱ्या हातात मागाचा दांडा. तो असाच फोन करतो. चंचलनं खुणेनंच मित्तलबेनना सांगितलं, आता तुम्ही लावा.

मित्तलबेननी नमुन्याचा नंबर लावला. एक कान बोटानं बंद केला, वाकल्या, भिंतीकडे तोंड केलं. फोन कटला. पुन्हा लावला. अंदाजानं तीन दाबलं. कुठे गेला कुणास ठाऊक, पुन्हा कटला. चौथ्या वेळी त्या वैतागून बाहेर आल्या. कपाळावर घाम, केसांत रुईसारखे तंतू.

"बाहेर येऊनच फोन करायला पाहिजे," त्या म्हणाल्या.

"माग उभा असला की मालक डोक्यावर उभा असतो, बेन. बाहेर यायला त्याला कुणीतरी माणसानं सांगावं लागतं. मशीन सांगणार नाही."

मित्तलबेननी केसांतले तंतू झटकले. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "मग कसं करायचं ते तुम्हीच ठरवा. प्रवीणला मी सांगते."

चंचलनं आधी आठ दिवस फक्त मोजलं. वहीत रकाने पाडले आणि येणारा प्रत्येक फोन कशासाठी आला त्याची रेघ मारली. चार उभ्या, पाचवी आडवी. आठव्या दिवशी वही मित्तलबेनपुढे ठेवली. शंभरातले चाळीस फोन एकच गोष्ट विचारत होते: माल निघाला का? त्यासाठी फोनच कशाला यायला हवा? गाडी भरली की बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीचा फोटो आपणच गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर पाठवायचा. हे जेरामभाईंना इतकं पटलं की ते जागेवरून उठले आणि वही स्वतः दोन वेळा चाळून पाहिली.

राहिलेल्यांसाठी तिनं प्रवीणला सांगितलं ते अगदी साधं होतं. वाजंत्री नको. माल निघाला का विचारायचं असेल तर एक दाबा. नाहीतर काही दाबू नका, थांबा, माणूस बोलेल.

"म्हणजे काही न दाबणारा सरळ माणसाकडे?" प्रवीण म्हणाला. "आजपर्यंत कोणीच असं मागितलं नाही."

"तीन घंट्यांच्या आत," चंचल म्हणाली. "आणि मालेगाव-धुळ्याचा नंबर असेल तर पहिल्यांदा माझ्याकडे, भिवंडीचा हिंदीवाल्याकडे. तुमच्या यंत्राला नंबर ओळखता येतो ना?"

"येतो."

"आणि इंटरनेट गेलं तर?"

"तसं सहसा होत नाही, मॅडम." तो आता काकू म्हणत नव्हता.

"सहसा नाही. पण झालं तर?"

त्यानं मान खाजवली आणि वहीत लिहून घेतलं: नेट बंद पडलं की सगळे फोन चार मोबाइलवर. ते चार मोबाइल चंचलनं टेबलाच्या खणात ठेवले आणि रोज सकाळी आल्या आल्या चार्ज करायचा नेम धरला. जुना नंबर तोच ठेवायचा, यावरही ती अडून बसली. हजार वह्यांमध्ये, भिंतींवर, मागांच्या खांबांवर खडूनं लिहिलेला नंबर बदलून कसा चालेल?

आवाज तिनंच भरला: गुजराती, हिंदी, मराठी. चौथा अहिराणीत भरताना वरच्या खोलीत हसू फुटलं, पण ती हसली नाही. खान्देशातल्या गावांचे नंबर लागले की तो आवाज लागायचा होता.

सोमवारी नवे फोन बसले. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी पावणेअकराला बाहेर रस्ता खोदणाऱ्या मशीननं इंटरनेटची तार तोडली. सगळे पडदे एकदम थिजले. प्रवीण तिथेच होता. त्याचा चेहरा उतरला. विक्रीतली पोरं उभी राहिली. जेरामभाई जिन्यातून ओरडले, "शूं थयूं? शूं थयूं?"

चंचलनं खण ओढला. चारही मोबाइल एकापाठोपाठ वाजायला लागले होते.

"संदीप, हा धर. प्रियांका, हा तुझा. नाव आणि गाव आधी लिहा, मग बोला," ती म्हणाली आणि तिसरा फोन स्वतः उचलला. चौथा तिनं प्रवीणच्या हातात दिला. "तुम्हीपण. वऱ्हाडी बोललात तरी चालेल."

तार जोडायला दोन तास दहा मिनिटं लागली. तेवढ्यात एकसष्ट फोन आले. प्रवीणनं अकरा घेतले. एका म्हाताऱ्या कारखानदारानं त्याला पिकर आणि पट्टा यांतला फरक फोनवरच समजावून सांगितला. बाहेरच्या एकालाही कळलं नाही की सुरतेत काही बिघडलं होतं. नेट आल्यावर प्रवीणनं चंचलसमोर चहा आणून ठेवला. म्हणाला, "मॅडम, हे मोबाइलवालं मी आता सगळ्या गिऱ्हाइकांना सांगणार. तुमचं नाव घेऊन सांगतो."

"नाव घेऊ नका. सांगा मात्र नक्की."

महिन्याभरानं बळीरामभाऊंचा फोन आला. त्यांना काही नको होतं. नुसतंच, फोन लागतो का बघत होते.

त्या दिवसांत चंचलनं आणखी एक गोष्ट केली. ज्या माणसाच्या कानावर तिनं सगळ्या ऑफिसच्या फोनची परीक्षा घेतली होती, त्याला ती एका रविवारी काही न विचारता रिक्षात घालून कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. गजेंद्र वाटभर कुरकुरला. आता तो कानात मशीन घालतो आणि शेजाऱ्यांचा टीव्ही फार मोठा असतो म्हणून तक्रार करतो.

मित्तलबेननी तिला फोन विभागाची प्रमुख केलं, तेव्हा दोन नव्या बायका घ्यायच्या ठरल्या. अर्ज बरेच आले. इंग्रजी फाडफाड बोलणाऱ्या मुली आल्या, कॉल सेंटरमध्ये काम केलेल्या आल्या. चंचलनं सगळ्यांना एकच गोष्ट करायला लावली. बमरोलीच्या खात्यातून आलेला एक खराखुरा फोन ऐकवला आणि म्हणाली, माणसाला काय पाहिजे ते सांगा. बऱ्याच जणींनी कान बाजूला केला. एक वर्षा नावाची अडतीस वर्षांची बाई होती, दहा वर्षं गोण्या शिवलेली. तिनं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, "त्याचा माग बंद नाही झाला. पट्टा घसरतोय. तो घाबरलाय म्हणून ओरडतोय."

"उद्यापासून ये," चंचल म्हणाली. "किती वाजता जमेल ते तू सांग."

वर्षानं पहिले तीन दिवस शेजारी बसून ऐकलं. चौथ्या दिवशी सकाळी धुळ्याकडचा नंबर पडद्यावर उमटला तेव्हा चंचलनं हेडफोन काढून तिच्या डोक्याला लावला. वर्षानं घाबरून तिच्याकडे पाहिलं. पण चंचल तोवर उठली होती. वर्षा काय बोलते ते ऐकायलाही ती थांबली नाही. वरच्या खोलीत मित्तलबेन इचलकरंजीच्या नव्या शाखेचा नकाशा टेबलावर पसरून बसल्या होत्या, आणि फोन कुठे कुठे बसवायचे ते तिला त्यांना दाखवायचं होतं.